समुद्राखालची पाइपलाइन सरकार खरंच तपासतं का?

विचारलेला प्रश्न असा: "समुद्रतळावर तेल आणि वायूच्या हजारो किलोमीटर पाइपलाइन पसरल्या आहेत. सरकारी यंत्रणा त्यांच्यावर प्रत्यक्षात लक्ष ठेवतात ते कसं? कुणी खाली जाऊन बघतं का, की कंपनीने दिलेल्या कागदावर शिक्का मारून मोकळे होतात?"

सरकारी माणूस सहसा खाली जात नाही, आणि त्याने जावं अशी व्यवस्थाही नसते. पाहणी करायची ऑपरेटरने, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंपनीने, आणि तीही स्वतःच्या खर्चाने. सरकार परवाना देतं, अहवाल मागवतं, अधूनमधून प्लॅटफॉर्मवर, म्हणजे तेल-वायू काढायला समुद्रात उभारलेल्या मंचावर, इन्स्पेक्टर पाठवतं आणि लाइन बंद करायला लावण्याचा अधिकार हातात ठेवतं. म्हणून "सरकार खाली जातं का" यापेक्षा "ऑपरेटरला खाली जाऊन बघायला नियम भाग पाडतो का, आणि किती वर्षांनी" हे विचारलेलं बरं. पाइपलाइनच्या तपासणीचे अहवाल तयार करण्यात आणि वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की या एका प्रश्नाच्या उत्तरात देशादेशांत भलता फरक पडतो.

अमेरिकेचंच उदाहरण घ्या. मेक्सिकोच्या आखातात किनाऱ्यापासून दूरच्या, म्हणजे केंद्राच्या ताब्यातल्या पाण्यात सुमारे ८,६०० मैल, साधारण १३,८०० किलोमीटर चालू पाइपलाइन बीएसईई या खात्याच्या देखरेखीखाली असल्याचं तिथल्या संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने, जीएओने, मार्च २०२१ च्या अहवालात नोंदवलं. त्याच अहवालातला मुद्दा धंद्यातल्या लोकांना ठाऊक होता, पण बाहेरच्यांना धक्का देणारा होता. या लाइनची पाण्याखालून तपासणी व्हावी अशी सक्ती हे खातं साधारणपणे करतच नाही. भरवसा दोन गोष्टींवर: महिन्यातून एकदा मार्गावरून फिरून पाण्यावर तवंग दिसतो का ते बघायचं, आणि लाइनवरचे प्रेशर सेन्सर. हे दोन्ही उपाय फुटलेली लाइन दर वेळी पकडतीलच असं नाही, हे अधिकाऱ्यांनी स्वतःच जीएओला सांगितलं.

सेन्सर का चुकतो, हे समजून घेण्यासारखं आहे. लाइनमधलं प्रेशर ठरावीक पातळीखाली गेलं की अलार्म वाजतो, अशी ही रचना. पण पाण्याखाली दर १० मीटरला बाहेरचा दाब जवळपास १ बारने वाढतो. हजार मीटर खोलीवर पाइपच्या बाहेर १०० बार दाब असतो. आतला दाब त्याच्या आसपासच असेल तर भोक पडूनही आत फारशी घट होत नाही आणि अलार्म गप्प राहतो. उथळ पाण्यातल्या जास्त प्रेशरच्या लाइनला जी युक्ती लागू पडते, ती खोल पाण्यातल्या थकलेल्या लाइनला पडत नाही.

दुसरी पद्धत हिशेबाची. एका टोकाला किती तेल घातलं आणि दुसऱ्या टोकाला किती निघालं, त्यातला फरक संगणक सतत बघत असतो. ही पद्धत चांगली आहे, पण मीटरची अचूकता, तापमान, तेलातलं पाणी आणि वायू यामुळे तिला काही टक्क्यांची सूट द्यावीच लागते. समजा, रोज ५०,००० बॅरल वाहून नेणाऱ्या लाइनवर ही मर्यादा १ टक्का ठेवली. म्हणजे रोज ५०० बॅरलपर्यंतची गळती हिशेबात दिसणारच नाही. लिटरमध्ये हे जवळपास ८०,००० होतात. बारीक चिरेतून आठवडाभर तेल झिरपत राहील आणि कंट्रोल रूममध्ये सगळं हिरवं दिसेल.

याउलट, अलार्म वाजूनही काही उपयोग होत नाही असंही घडतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचजवळ १६ इंची तेलवाहिनी फुटली आणि सुमारे ५८८ बॅरल तेल समुद्रात गेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, केलेला तपास मी नव्या इंजिनिअरांना मुद्दाम वाचायला लावतो. १ ऑक्टोबरला दुपारी चारनंतर गळतीचा पहिला अलार्म वाजला. त्यानंतर एकूण ८ वेळा वाजला. कर्मचारी पंप बंद करत, बघत आणि पुन्हा सुरू करत. यंत्रणा गळती प्लॅटफॉर्मपाशी दाखवत होती, तिथे तर काही नव्हतं, म्हणून अलार्मच खोटा असं ठरलं. संध्याकाळी जवळ नांगरलेल्या जहाजाने तवंग दिसल्याचं कळवलं, पण अंधारात खात्री करता आली नाही. लाइन कायमची बंद झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतर. मधे जवळपास १४ तास गेले.

मूळ जखम तर त्याहून जुनी. जानेवारी २०२१ मधल्या वादळात दोन मोठ्या मालवाहू जहाजांचे नांगर घसटत गेले आणि त्यांनी ही लाइन ओढली. काही ठिकाणी ती मूळ जागेपासून ३२ मीटरच्या आसपास सरकली. बंदराजवळच्या जहाजांच्या हालचालींवर स्क्रीनवरून नजर ठेवणारी यंत्रणा होती, जहाजं पाइपलाइनच्या दिशेने सरकल्याची नोंदही होती. पण लाइनच्या ऑपरेटरला कुणी फोन केला नाही. आठ महिने वाकलेल्या, ओरखडलेल्या पाइपमधून तेल वाहत राहिलं आणि शेवटी चीर उघडली. मधल्या काळात एखादी पाण्याखालची पाहणी झाली असती तर ३२ मीटर सरकलेला पाइप नजरेतून सुटला नसता. त्यासाठी तज्ज्ञाचीही गरज नव्हती.

पाहणी म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो, कारण सरकारी अहवालात "सर्वेक्षण केले" एवढंच लिहिलेलं असतं. जहाजावरून केबलने खाली सोडलेलं आरओव्ही नावाचं यंत्र पाइपच्या वरून सावकाश सरकतं. स्क्रीनवर गढूळ पाणी, काँक्रीटचं आवरण, त्यावर वाढलेले शिंपले आणि जीवजंतू. ठरावीक अंतरावर पाइपभोवती ॲनोड बसवलेले असतात, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या जाड कड्या. पोलाद गंजू नये म्हणून ते स्वतः झिजतात. यंत्राच्या हातातली टोकदार सुई ॲनोडवर किंवा उघड्या पोलादावर टेकवायची आणि मिलिव्होल्टमधला आकडा वाचायचा. उणे ९५० ते उणे १०५० आला की आपण पुढे जातो. उणे ८०० च्या जवळ सरकू लागला की ॲनोड संपत आलेत, आता पाइपची पाळी. हा आकडा एका वर्षाचा बघून फारसं कळत नाही. मागच्या सर्वेक्षणात त्याच ॲनोडवर काय होता, ते शेजारी ठेवावं लागतं.

मग येतो फ्री स्पॅन. खालची वाळू प्रवाहाने वाहून जाते आणि पाइप काही मीटर अधांतरी लटकतो. लांबी मर्यादेत असेल तर चिंता नाही. वाढली की पाणी वाहताना पाइप थरथरतो आणि जोडांना थकवा येतो. चांगला ऑपरेटर अशा प्रत्येक जागेची यादी ठेवतो, कुठे वाळूच्या किंवा सिमेंटच्या गोण्या टाकल्या ते लिहितो आणि पुढच्या पाहणीत तिथे पुन्हा थांबतो. वाईट ऑपरेटरच्या अहवालातही यादी असतेच. दोन पाहण्यांच्या याद्या जुळवून बघितल्या की मात्र तीच जागा, तीच लांबी, तोच "दुरुस्ती प्रस्तावित" शेरा. मी अहवाल उघडला की आधी शेवटची पानं बघतो. किती कामं सुचवली याला महत्त्व नाही, किती कामं संपवून बंद केली हे तिथे कळतं.

आतून तपासायचं तर पिग. पाइपमधून तेलाच्या जोरावर जाणारं हे उपकरण भिंतीची जाडी मोजत जातं. चुंबकीय पद्धतीच्या पिगने "६ वाजताच्या जागी, म्हणजे तळाला, ४० टक्के झीज" असं सांगितलं तर त्यात साधारण १० टक्क्यांची चूकभूल धरूनच निर्णय घ्यायचा असतो. म्हणजे खरी झीज ३० असेल किंवा ५०. हा अहवाल इन्स्पेक्टरला वाचता आला नाही तर तो नुसता मोठा आकडा शोधतो. आणि कितीतरी जुन्या लाइन अशा घातल्या आहेत की त्यातून पिग जाऊच शकत नाही: मधेच व्यास बदलतो, वळणं तीव्र, पिग सोडायला आणि काढायला जागाच नाही. अशा लाइनबद्दल अहवालात जे लिहिलेलं असतं ते बहुतांशी गणित आणि अंदाज असतो. वाईट नाही, पण ते मोजमाप नाही हे नियामकाला ठाऊक हवं.

अधिकारक्षेत्राचा घोळ हा वेगळाच विषय. अमेरिकेत तेल काढणाऱ्याच्या लाइन इंटीरिअर खात्याखालच्या (नैसर्गिक साधनसंपत्ती सांभाळणाऱ्या) बीएसईईकडे आणि वाहतूकदाराच्या लाइन वाहतूक खात्याच्या पीएचएमएसएकडे, अशी वाटणी १९९६ च्या सामंजस्य कराराने ठरली. एकाची जबाबदारी संपून दुसऱ्याची सुरू होते त्या बिंदूवर टिकाऊ खूण करायची, किंवा ते जमत नसेल तर नकाशात दाखवायचं, असा नियमच आहे. कॅलिफोर्नियाच्या त्या घटनेत प्लॅटफॉर्म बीएसईईकडे होता आणि फुटलेली लाइन पीएचएमएसएकडे. शिवाय किनाऱ्यापासून साधारण ३ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, टेक्सास आणि फ्लोरिडाच्या आखाती बाजूला तो ९ मैल. जहाजांवर तटरक्षक दलाची नजर. एका लाइनच्या कहाणीत चार दरवाजे येतात. प्रत्येक खातं आपापलं काम चोख करतं असं गृहीत धरलं तरी जहाजाच्या नांगराची बातमी पाइपवाल्यापर्यंत पोचवणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

नियम कसे जन्मतात याचं एक जुनं उदाहरण देतो. ऑक्टोबर १९८९ मध्ये टेक्सासच्या सबीन पासजवळ नॉर्थम्बरलँड नावाची मासेमारी नौका उथळ पाण्यात १६ इंची वायुवाहिनीवर आदळली. आग लागली आणि १४ पैकी ११ खलाशी गेले. लाइन घातली तेव्हा ती जमिनीत पुरलेली होती, पुढे ती उघडी पडली आणि कुणी बघितलं नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९८७ मध्ये, सी चीफ या नौकेच्या बाबतीत असंच घडून दोघे गेले होते. १९९० मध्ये कायदा झाला आणि आखातातल्या १५ फुटांपेक्षा कमी खोलीच्या लाइन पुरलेल्या आहेत की उघड्या, हे पाण्याखालून तपासणं सक्तीचं झालं. म्हणजे सक्तीची तपासणी शक्य आहे, परवडते, आणि ती लिहिताही येते. फक्त ती त्या १५ फुटांपुरती लिहिली गेली, कारण माणसं तिथे मेली होती.

ब्रिटनमध्येही तसंच. ६ जुलै १९८८ ला पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर आग लागली आणि १६७ जण गेले. पहिला स्फोट प्लॅटफॉर्मवरचा, पण संहार वाढवला तो इतर प्लॅटफॉर्मशी जोडणाऱ्या वायूच्या लाइननी. त्यांचे रायझर, म्हणजे समुद्रतळावरून वर चढणारे उभे पाइप, एकामागून एक फुटले आणि मैलोन् मैल लांबीच्या लाइनमधला साठा आगीत ओतला गेला. १९८९ मध्येच आपत्कालीन व्हॉल्व्हचे नियम आले: लाइन आणि प्लॅटफॉर्म एकमेकांपासून झटकन तोडता आले पाहिजेत, आणि तो व्हॉल्व्ह आगीच्या तावडीत सापडणार नाही अशा जागी हवा. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे समुद्रातल्या सुरक्षेची देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य आणि सुरक्षा कार्यकारी मंडळाकडे देणं. तेल जास्त निघावं म्हणून जे खातं धडपडतं त्यानेच लाइन बंद करायचा आदेश द्यावा, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावात बसत नाही. नॉर्वेने २००४ मध्ये हे दोन विभाग वेगळे केले. अमेरिकेने डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीवरच्या दुर्घटनेनंतर जुनं खनिज खातं मोडलं आणि १ ऑक्टोबर २०११ पासून परवान्यांचं आणि सुरक्षेचं काम वेगवेगळ्या खात्यांकडे गेलं.

पण वेगळं खातं झालं म्हणजे काम झालं असं नाही, हे जीएओच्या अहवालावरून दिसतंच. नॉर्वे-ब्रिटनची पद्धत अशी, की नियमात किती इंच, किती महिने असे आकडे कमी. "धोका आटोक्यात आहे हे तुम्ही सिद्ध करा" असा भार ऑपरेटरवर. मला ही पद्धत आवडते, पण तिला एक अट आहे: सिद्धता तपासणारा माणूस ऑपरेटरच्या इंजिनिअरइतकाच जाणता हवा. तसा तो नसेल तर जाड अहवालांची देवघेव होते आणि सगळे खूश. ज्या देशात नियामकाकडे माणसं कमी आणि पगार त्याहून कमी, तिथे मी सरळसोट, आकडे दिलेला नियम पसंत करीन. त्यात बुद्धी कमी लागते, पण मोडला की लगेच दिसतो.

मेक्सिकोत जुलै २०२१ मध्ये समुद्राच्या पाण्यावर आगीचं गोल वर्तुळ पेटलेलं सगळ्या जगाने बघितलं. १२ इंची वायुवाहिनीतून गळती होत होती. त्यावर तिथल्या सुरक्षा नियामकाच्या प्रमुखांनी जाहीर केलं की या घटनेत कोणतीही सांडलवंड झाली नाही. तेलाचा तवंग नव्हता, असा त्यांचा बचाव करता येईलही. पण नियामक कोणाच्या बाजूने बोलतो हे पहिल्या निवेदनातच कळतं, असं माझं मत आहे.

आता परदेशी जहाजांचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी बाल्टिककनेक्टर ही ७७ किलोमीटरची वायुवाहिनी एका मालवाहू जहाजाच्या नांगराने तोडली. ती पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार दुसऱ्या देशांनाही किनारी देशाच्या खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर, पाइपलाइन टाकायचा हक्क असतो, फक्त मार्ग ठरवताना त्या किनारी देशाची संमती लागते. किनाऱ्याजवळच्या प्रादेशिक समुद्राबाहेर पाइप तुटला तर जहाज ज्या देशाचं निशाण लावतं तो देश कारवाई करणार, असा सर्वसाधारण रिवाज. त्यामुळे तुमचा नियामक कितीही कडक असला तरी त्याचा हात तिथवर पोचत नाही. इथे गस्त आणि जहाजांवरची नजर हाच उपाय उरतो.

शेवटचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग: वापरातून काढलेल्या लाइन. अमेरिकेचा नियम वाचला तर लाइन काढून नेणं अपेक्षित आहे. जहाजांना, मासेमारीला, पर्यावरणाला अडथळा होत नसेल तरच ती जागेवर ठेवायची परवानगी. ठेवायची तर आतून धुवायची, समुद्राचं पाणी भरायचं, टोकं बंद करायची आणि ती टोकं ३ फूट खाली पुरायची किंवा काँक्रीटच्या चटया टाकून झाकायची. प्रत्यक्षात मेक्सिकोच्या आखातात १९६० च्या दशकापासून बंद केलेल्या लाइनपैकी ९७ टक्क्यांहून जास्त, सुमारे १८,००० मैल, तळावरच राहिल्या. अपवादाचा नियम झाला.

लाइन जागेवर ठेवणं मुळातच चूक आहे असं मी म्हणणार नाही. वाळूत रुतलेला पाइप उपसताना तळ ढवळला जातो, पाणबुड्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि काही वेळा न काढणंच शहाणपणाचं ठरतं. पण तो निर्णय लाइनगणिक व्हायला हवा आणि नंतर कुणीतरी तिथे जाऊन बघायला हवं. जीएओचा आक्षेप नेमका यावरच होता: धुणं आणि पुरणं खरंच झालं का याची खात्री नीट केली जात नाही, नंतर लाइन कुठे सरकली यावर लक्ष नाही, आणि पुढे ती धोकादायक ठरली तर काढायचा खर्च कुणी द्यायचा याची सोय नाही. आणि आखाताचा तळ स्थिर नाही. २००५ च्या कॅटरिना आणि रिटा वादळांनी ४५७ पाइपलाइनचं नुकसान केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिसिसिपीच्या मुखाजवळ एक चालू तेलवाहिनी तुटून अंदाजे ११ लाख गॅलन, म्हणजे जवळपास ४२ लाख लिटर तेल सांडलं. एनटीएसबीने कारण दिलं समुद्रतळावरच्या भूस्खलनाचं, आणि हा धोका त्या भागात धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असल्याचंही नोंदवलं. तिथेही लाइन बंद करायला जवळपास १३ तास लागले. चालू लाइनची ही तऱ्हा, तर बंद पडलेलीचा माग कोण काढणार?

ब्रिटनमध्ये लाइन जागेवर ठेवली तरी तिची जबाबदारी कायम मालकाकडेच राहते. ही एक ओळ कायद्यात असली की कंपन्या पाइप ठेवायचा की काढायचा याचा हिशेब वेगळाच मांडतात. अमेरिकेत हे नियम सुधारायचा मसुदा २००७ मध्ये निघाला होता. २०२१ मध्ये जीएओने अहवाल लिहिला तेव्हाही तो मसुदाच होता.

तुमच्या देशाच्या नियामकाबद्दल हे ताडायचं असेल तर त्याचा वार्षिक अहवाल उघडा आणि किती तपासण्या केल्या तो आकडा सोडून द्या. त्यातल्या बहुतेक प्लॅटफॉर्मवरच्या, डेकवर उभं राहून केलेल्या असतात. पाण्याखालच्या पाहणीची मुदत नियमात लिहिली आहे का ते बघा, गळतीचा अलार्म वाजल्यापासून व्हॉल्व्ह बंद होईपर्यंतच्या वेळेची नोंद मागितली जाते का ते बघा, आणि बंद केलेल्या लाइनचा नकाशा शेवटचा कधी प्रत्यक्ष जागेशी पडताळला ते लेखी विचारा. पहिल्या दोन गोष्टी बहुधा संकेतस्थळावर मिळतील. तिसरीसाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागेल, आणि उत्तराला वेळ लागेल.